हिरवळ-सिंचन संच व त्याची दुरुस्ती

हिरवळ-सिंचन संच : उद्याने, बंगल्यांची अंगणे, क्रीडांगणे व गोल्फची मैदाने यांवरील कापीव गवताला दाबाखालील पाण्याचे तुषार उडवून पाणी देणाऱ्या साधनसमूहास हिरवळ-सिंचन संच म्हणतात. नळ, झडपा, तुषारक (पाणी फवारणारी तोटी व तिचे आवरण) आणि पाण्याच्या वेळा ठरविणारा नियंत्रक हे त्याचे मुख्य भाग होत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) या संचाचा सर्वाधिक विकास व प्रसार झाला. तेथे लक्षावधी घरांच्या अंगणांत असे संच पुरलेले आहेत आणि त्यांची दुरुस्ती हा एक स्वतंत्र व्यवसाय बनला आहे.

या संचाच्या इतिहासात शोधांइतकेच महत्त्व बिघाडांना आहे. प्रारंभीचा तुषारक उघड्यावर असे. तो बिघडला, की मालकाला ते दिसे व बहुधा तोच तो नीट करी. पुढे नळ जमिनीखाली गेले, झडपा पेट्यांत गेल्या आणि पाणी देण्याची वेळ मालकाच्या झोपेच्या वेळी आली. संच जसजसा दृष्टिआड झाला, तसतसा बिघाड उशिरा कळू लागला व दुरुस्ती मालकाच्या हातून जाणकाराच्या हाती गेली. दुरुस्ती स्वतः करावी की कोणास मोल देऊन करवून घ्यावी, हा प्रश्न अशा रीतीने उद्भवला. पिण्याच्या पाण्याची शुद्धता व पाणीटंचाई यांमुळे त्याला पुढे सार्वजनिक स्वरूपही आले.

पूर्वपीठिका : विस्तीर्ण कापीव हिरवळ ही यूरोपातील सतराव्या शतकातील राजेरजवाड्यांच्या उद्यानांची देणगी होय. फ्रान्समधील व्हर्साय येथे आंद्रे ल नोत्र (१६१३–१७००) या उद्यानरचनाकाराने चौदाव्या लूईसाठी जे उद्यान आखले, त्यात गालिच्यासारखा हिरवा पट्टा व शेकडो कारंजी होती. तुषारकाप्रमाणेच कारंज्यांनाही दाबाखालील पाणी लागते. त्यासाठी सेन नदीचे पाणी सु. १५० मी. उंच चढविणारे मार्ली येथील यंत्र १६८४ मध्ये कार्यान्वित झाले. त्यात १४ पाणचक्रे व दोनशेहून अधिक पंप होते. ते वारंवार बिघडे व त्याच्या देखभालीस सु. ६० कामगार राबत. एवढे करूनही सर्व कारंजी एकाच वेळी चालविण्याइतके पाणी मिळत नसे. त्यामुळे राजा फिरावयास निघाला, की कारंजी सांभाळणारे सेवक शिट्ट्यांनी एकमेकांना इशारा देत आणि राजा समोर येताच त्या ठिकाणचे कारंजे सुरू करून तो पुढे जाताच बंद करीत. उद्यानात दाबाखाली पाणी खेळवावयाचे म्हणजे पगारी दुरुस्तीकार बाळगावयाचे, असाच त्या काळचा अनुभव होता. साहजिकच अशी चैन राजदरबारापुरतीच मर्यादित राहिली.

रबरी नळी व सुटा तुषारक : हिरवळ मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात येण्यास तीन गोष्टी कारणीभूत झाल्या. इंग्लंडमधील एडविन बडिंग (१७९६–१८४६) यांनी १८३० मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे एकस्व (पेटंट) घेतले. कापडाचे तंतू कातरणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. या यंत्रामुळे विळा चालविणाऱ्या कसबी गवतकाप्यांची गरज संपली. चार्ल्‌स गुडइयर (१८००–६०) यांनी १८३९ मध्ये शोधलेल्या रबराच्या व्हल्कनीकरणामुळे थंडीत न तडकणारी व उन्हात न चिकटणारी रबरी नळी तयार करता येऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरपालिकांचे नळ घरोघर पोहोचले व दाबाखालील पाणी अंगणात उपलब्ध झाले.

नळी हातात धरून उभे राहण्याचे काम वाचविण्यासाठी तुषारकाचा उगम झाला. न्यूयॉर्क राज्यातील बफालो येथील जोसेफ लेस्लर यांनी १८७१ मध्ये हिरवळीच्या तुषारकाचे एकस्व मिळविले. पुढील काळात या साधनाच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या. आगगाडीच्या एंजिनांतील स्वयंचलित वंगणयंत्राबद्दल ख्याती पावलेले कृष्णवर्णी संशोधक एलायजा मकॉय यांनीही १८९९ मध्ये हिरवळीच्या तुषारकाचे एकस्व घेतले. पलायन केलेल्या गुलामांच्या पोटी जन्मलेले मकॉय यांचे बरेचसे संशोधन यंत्र थांबवून तेल घालण्याचा खोळंबा टाळण्यासाठी होते. तुषारकामागील हेतूही त्याच जातीचा होता : माणसाला देखरेखीतून मोकळे करावयाचे.

हे तुषारक ओतीव लोखंडाचे वा पितळेचे असत. त्यांचे बिघाड मोजके होते. तोटीत कचरा अडके, फिरणाऱ्या भुजांचे बूड झिजे किंवा नळीच्या जोडातील वायसर फाटे. टाचणी, तेलाचा थेंब व नवा वायसर एवढ्या सामग्रीवर दुरुस्ती होई. तुषारक हलवावयास मालकाला दर अर्ध्या-पाऊण तासाने अंगणात जावेच लागे. त्यामुळे तपासणी आपोआप घडे. गोल्फच्या मैदानांवर नळ पुरण्याची प्रथा घरगुती अंगणांच्या आधी आली. परंतु तेथेही तुषारक रात्रपाळीचा पाणी देणारा मनुष्य हाताने बसवी व हलवी.

आघाती तुषारक : कॅलिफोर्नियातील ग्लेंडोरा येथील लिंबूवर्गीय फळांचे बागायतदार ऑर्टन एंगलहार्ट यांनी १९३३ मध्ये आघाताने फिरणारा तुषारक तयार केला व १९३५ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. तोटीतून निघणारी धार एका आडव्या भुजेच्या पळीवर आपटते. भुजा स्प्रिंगविरुद्ध बाजूला फेकली जाते व परत येऊन तुषारकावर आदळते. प्रत्येक आघातासरशी तुषारक थोडासा फिरतो आणि मोठ्या वर्तुळात सावकाश पाणी पडते. शेजारचे क्लेमंट व मेरी एलिझाबेथ लाफेट्रा यांनी याचे उत्पादन व विक्री हाती घेतली व त्यातून ‘रेन बर्ड’ ही कंपनी उभी राहिली. या तुषारकाचा टक्‌-टक्‌ असा आवाज म्हणजे तो नीट चालल्याची खूणच होती. आवाज थांबला, की भुजा अडकली किंवा दाब घटला, असे घरात बसूनही समजे.

तुषारकाने पाणी पडते एवढ्यावर समाधान न मानता ते सर्वत्र सारखे पडते किंवा नाही हे मोजण्याची पद्धत जे. ई. क्रिस्तियनसन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित केली व १९४२ मध्ये प्रसिद्ध केली. जमिनीवर समान अंतरावर डबे मांडून ठराविक वेळात प्रत्येकात किती पाणी साचते ते मोजावयाचे व सरासरीपासून त्यांचा फरक काढावयाचा, असे तिचे स्वरूप आहे. त्यावरून निघणाऱ्या आकड्यास एकसमानता गुणांक म्हणतात. डोळ्यांना निर्दोष दिसणारा संचही सदोष असू शकतो, हे या पद्धतीने दाखवून दिले.

भूमिगत संच : दुसऱ्या महायुद्धानंतर अ. सं. सं.त उपनगरांची झपाट्याने वाढ झाली. न्यूयॉर्कजवळील लेव्हिटटाउन (प्रारंभ १९४७) ही तिची प्रसिद्ध निशाणी होय. तेथील घरांबरोबर हिरवळ आली व ती नियमित कापण्याचे बंधनही आले. वॉल्डो सीमन यांनी १९२६ मध्ये मऊ व वळविता येण्याजोगे केलेले पॉलिव्हिनिल क्लोराइड (पीव्हीसी) व तत्सम प्लॅस्टिके युद्धोत्तर काळात स्वस्त झाली. लोखंडी नळांऐवजी प्लॅस्टिकचे हलके नळ चरांत टाकून डिंकाने जोडता येऊ लागले. पाण्याचा दाब येताच जमिनीतून वर येणारे व दाब जाताच खाली बसणारे तुषारक प्रचारात आले. दातेरी चाकांनी फिरणाऱ्या प्लॅस्टिकच्या तुषारकांच्या विकासात एडविन हंटर यांचा मोठा वाटा आहे. त्यांची मूळ कंपनी गवत कापण्याची यंत्रे बनविणाऱ्या टोरो कंपनीने १९६२ मध्ये विकत घेतली व पुढे १९८१ मध्ये हंटर यांनी स्वतंत्र उद्योग काढला. या तुषारकांचा आवाज जवळजवळ होत नाही.

अशा संचात अंगणाचे विभाग पाडलेले असतात व प्रत्येक विभागास एक विद्युत् झडप असते. घरातील वीजदाब रोहित्राने २४ व्होल्टपर्यंत उतरवून तो नियंत्रकामार्फत झडपेवरील तारेच्या वेटोळ्यास दिला जातो. वेटोळ्यातील लोहदंड उचलला जाऊन झडपेतील रबरी पडद्यावरचा दाब सुटतो व पाणी वाहू लागते. वारा व बाष्पीभवन कमी असल्याने पाणी पहाटे देणे शास्त्रशुद्ध मानतात. परंतु त्यामुळे संच चालत असताना तो पाहणारे कोणी नसते. एखादा विभाग बंद पडल्याचे गवत पिवळे पडल्यावर आणि गळती झाल्याचे पाण्याचे देयक आल्यावर कळते. ०·८ मिमी. व्यासाच्या छिद्रातूनही महिन्याला सु. २४,००० लि. पाणी वाया जाऊ शकते, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण अभिकरणाने म्हटले आहे.

बिघाडांचे स्वरूप व निदान : निदानाचा मूलभूत नियम साधा आहे. बिघाड एकाच तुषारकापुरता असेल, तर दोष त्या तुषारकात असतो. संपूर्ण विभाग बिघडला असेल, तर दोष झडपेत, तिच्या तारेत किंवा त्या विभागाच्या नळात असतो. सर्व विभागांवर परिणाम दिसत असेल, तर दोष पाणीपुरवठ्यात, मुख्य नळात, गाळणीत किंवा नियंत्रकात शोधावा लागतो. हा क्रम न पाळता खोदकाम करणे हे खर्चाचे प्रमुख कारण ठरते.

तुषारकाचे दोष सर्वांत जास्त आढळतात. तोटी गाळाने बुजते. गवत कापण्याच्या यंत्राचे पाते वा मोटारीचे चाक लागून आवरण फुटते. माती साचत गेल्याने तुषारक गवताच्या पातळीखाली जातो. दांड्याभोवतीचा वायसर झिजल्याने बुडाशी पाणी उसळते किंवा तुषारक खाली बसत नाही. तोंड फिरल्यास पाणी गवताऐवजी रस्त्यावर पडते. फवारा धुक्यासारखा विरत असल्यास दाब अधिक आहे व धारेचे तुषार नीट न होता ती आखूड पडत असल्यास दाब कमी आहे, असे समजावे. स्थिर फवाऱ्याच्या तोट्यांस सु. २ किग्रॅ./चौ. सेंमी. व फिरत्या तुषारकांस सु. ३ किग्रॅ./चौ. सेंमी. दाब सामान्यतः योग्य ठरतो. स्थिर फवाऱ्याची तोटी तासाला सु. ४० मिमी., तर फिरता तुषारक सु. १२ मिमी. पाणी देतो, म्हणून हे दोन प्रकार एकाच विभागात मिसळू नयेत. घाईच्या दुरुस्तीत हाती लागेल तो तुषारक बसविल्याने ही चूक वारंवार होते व अर्धे गवत कुजते, तर अर्धे वाळते.

झडप बंद न होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे रबरी पडद्याखाली अडकलेला खडा. ती न उघडल्यास प्रथम हाताने उघडून पाहतात. तशी उघडली, तर दोष विजेच्या बाजूस असतो. वेटोळ्याचा रोध बहुधा २० ते ६० ओहम असतो. तो अनंत आढळल्यास वेटोळे किंवा तार तुटलेली असते आणि शून्याजवळ आढळल्यास मंडल संक्षेप (शॉर्ट सर्किट) झालेला असतो. पाणी बंद झाल्यावर उतारावरील सर्वांत खालच्या तुषारकातून पाणी झिरपताना दिसते. ते काही वेळाने थांबले, तर नळातील उरलेले पाणी निथळत आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. त्यावर एकदिशी झडप असलेला तुषारक बसविणे पुरेसे होते. झिरपणे अखंड चालू राहिल्यास मात्र झडप सदोष असते. हा भेद न ओळखल्याने चांगल्या झडपा बदलल्या जातात. घरातील सर्व तोट्या व सिंचन-झडपा बंद असताना जलमापकाचा काटा फिरत असल्यास गळती मुख्य नळात असण्याचा संभव असतो. थंड प्रदेशांत हिवाळ्यापूर्वी संपीडित हवेने नळ रिकामे न केल्यास बर्फाने ते फुटतात.

पुष्कळदा यंत्र निर्दोष असते व वेळापत्रक सदोष असते. उन्हाळ्यासाठी लावलेल्या वेळा शरद ऋतूतही तशाच चालू राहतात, किंवा वीज गेल्यानंतर नियंत्रक मूळच्या वेळांवर परत जातो. म्हणून हत्यार हाती घेण्यापूर्वी नियंत्रक तपासावा, असे जाणकार सांगतात.

दुरुस्ती कोणी करावी : तोटी साफ करणे, तिचा रोख वळविणे, तुषारक बदलणे, झडपेतील पडदा धुणे व वेळापत्रक सुधारणे ही कामे मालकाला करता येण्याजोगी आहेत. तुषारक बदलताना भोवतीची माती दूर करून जुना भाग फिरवून काढतात, नळात शिरलेली माती क्षणभर पाणी सोडून धुऊन काढतात व मगच त्याच प्रकारचा नवा तुषारक बसवितात. धुण्याची ही पायरी गाळल्यास नवी तोटी पहिल्याच दिवशी बुजते. याउलट मुख्य नळाची गळती, जमिनीतील तुटलेल्या तारांचा शोध, पंपाचे दोष व दाबाचे नियमन यांसाठी उपकरणे व अनुभव लागतो. खोदकामात वायुनलिका किंवा विजेची तार तुटण्याचा धोका असतो, म्हणून अ. सं. सं.त खोदण्यापूर्वी भूमिगत वाहिन्यांची खूण करून घेण्यासाठी २००७ पासून ८११ हा देशव्यापी दूरध्वनिक्रमांक ठेवण्यात आला आहे. मालक व कारागीर दोघांनाही त्याचा उपयोग होतो.

मालकाच्या मर्जीवर जी गोष्ट सोडता येत नाही, ती म्हणजे उलट प्रवाह. हिरवळीचा संच बहुधा पिण्याच्या पाण्याच्या नळालाच जोडलेला असतो. अग्निशामक दलाने पाणी उपसल्याने किंवा मुख्य नळ फुटल्याने रस्त्यावरील नळातील दाब एकाएकी घटला, तर चिखलात, खतात व जनावरांच्या विष्ठेत बसलेल्या तुषारकांतून पाणी उलट शोषले जाऊन घरातील व शेजारच्या नळांत येऊ शकते. शुद्ध व अशुद्ध पाण्याच्या नळांचा असा संबंध किती घातक ठरतो, ते १९३३ मधील शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी दिसून आले. तेथील हॉटेलांच्या सदोष नळयोजनेमुळे पिण्याच्या पाण्यात मैला मिसळून अमीबाजन्य आमांशाची साथ पसरली. सु. १,४०० लोक आजारी पडले व ९८ मृत्युमुखी पडले. प्रदर्शन पाहून आपापल्या गावी परतलेल्या लोकांतही रोगी आढळल्याने साथीचे मूळ शोधण्यास विलंब लागला. या साथीशी हिरवळीचा संबंध नव्हता. परंतु उलट प्रवाह रोखण्याच्या नियमांना तिने मोठी चालना दिली. हे नियम हिरवळ-सिंचन संचांनाही लागू झाले व प्रवाहरोधक झडप हा त्यांचा आवश्यक भाग ठरला.

या पार्श्वभूमीवर काही राज्यांनी हा व्यवसाय परवान्याखाली आणला. टेक्ससने १९७९ मध्ये सिंचन-व्यावसायिकांना परवाना देण्याची व्यवस्था केली. घरमालकाला स्वतःच्या जागेत स्वतः काम करण्यास परवाना लागत नाही; परंतु प्रवाहरोधक झडप व इतर मानके त्यालाही पाळावी लागतात. नव्या संचाचे काम पूर्ण झाल्यावर परवानाधारकाने मालकाबरोबर फिरून संच समजावून द्यावा, आराखडा हवाली करावा व देखभालीची सूची द्यावी, असेही तेथील नियम सांगतात. जमिनीखाली काय आहे हे मालकाला कळलेच पाहिजे, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे. फ्लॉरिडाने १९९१ पासून नव्या स्वयंचलित संचांवर पाऊस पडताच सिंचन थांबविणारे साधन सक्तीचे केले. पुढे या कायद्यात भर घालून, परवानाधारकाने संचावर कोणतेही काम करताना हे साधन तपासावे व ते नसल्यास किंवा नादुरुस्त असल्यास इतर काम संपविण्यापूर्वी ते बसवावे वा दुरुस्त करावे, असे बंधन घालण्यात आले.

कारागीर नेमताना परवाना व प्रवाहरोधक झडप तपासण्याची पात्रता पाहणे, सुटे भाग व मजुरी यांचा वेगळा लेखी अंदाज मागणे, कामाच्या आधी व नंतर सर्व विभाग आपल्यासमक्ष चालवून घेणे आणि झडपांच्या जागा दाखविणारा नकाशा मागून घेणे हितावह ठरते. आपल्या संचाचा नकाशा ज्याच्याजवळ नाही, त्याला प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी शोधाचीही मजुरी द्यावी लागते. संपूर्ण संच बदलण्याचा सल्ला मिळाल्यास सल्लागाराचा त्यातील लाभ लक्षात घेऊन दुसऱ्या जाणकाराचे मत घ्यावे. उलटपक्षी, दर हंगामात ठिगळे लावावी लागत असतील, तर मूळ आखणीच चुकलेली असण्याचा संभव असतो व अशा वेळी स्वस्त दुरुस्ती महाग पडते.

पाणीटंचाई व बदललेली दृष्टी : पर्यावरण संरक्षण अभिकरणाने २००६ मध्ये पाणीबचतीचा ‘वॉटरसेन्स’ हा कार्यक्रम सुरू केला. अमेरिकन कुटुंबाच्या एकूण पाण्यापैकी सु. ३० टक्के पाणी घराबाहेर वापरले जाते व त्यातील निम्म्यापर्यंत पाणी वारा, बाष्पीभवन, वाहून जाणे व सदोष सिंचन यांमुळे वाया जाऊ शकते, असे त्याने निदर्शनास आणले. हवामानानुसार वेळा बदलणाऱ्या नियंत्रकांना २०११ पासून व दाबनियंत्रण असलेल्या तुषारक-आवरणांना २०१७ पासून या कार्यक्रमाखाली प्रमाणचिन्ह मिळू लागले. प्रवाहात अनपेक्षित वाढ झाल्यास पाणी बंद करून मालकास सूचना पाठविणारी साधनेही उपलब्ध झाली आहेत. एकेकाळी तुषारकाचा आवाज जे काम करी, तेच काम ती अधिक खर्चाने करतात. मात्र असा नियंत्रकही वाकड्या तोटीला सरळ करू शकत नाही. म्हणून प्रत्येक हंगामाच्या आरंभी सर्व विभाग दिवसाउजेडी पाच-पाच मिनिटे चालवून अंगणातून फेरी मारणे, हा उपाय आजही सर्वांत परिणामकारक समजला जातो.

पश्चिमेकडील कोरड्या राज्यांत तर दुरुस्तीच्याही पलीकडचा प्रश्न पुढे आला. सिएरा नेव्हाडा पर्वतात बर्फ जवळजवळ उरले नसताना, १ एप्रिल २०१५ रोजी कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के कपातीचा आदेश काढला. ५ कोटी चौ. फुट हिरवळीच्या जागी अवर्षणसहिष्णू वनस्पती लावण्याचे लक्ष्य त्यात होते. नेव्हाडा राज्याने २०२१ मध्ये केलेल्या कायद्यान्वये लास व्हेगस परिसरात १ जानेवारी २०२७ पासून कोलोरॅडो नदीचे पाणी केवळ शोभेच्या हिरवळीस देण्यास मनाई आहे. स्वतंत्र कौटुंबिक घरांची अंगणे तीतून वगळली आहेत. अशा प्रदेशात संच बिघडला असता तो दुरुस्त करावा, ठिबक सिंचनात बदलावा की हिरवळच काढून टाकावी, याचा विचार प्रथम करावा लागतो.

भारतातील स्थिती : भारतात तुषार सिंचनाचा प्रसार मुख्यतः शेतीसाठी झाला. महाराष्ट्रातही भुईमूग, गहू, हरभरा, कांदा इ. पिकांसाठी शेतकरी तुषार संच वापरतात आणि प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेखाली (२०१५) सूक्ष्म सिंचनाच्या संचाच्या खरेदीस अनुदानही देण्यात आले. हे संच बहुधा सुटे व उघड्यावरचे असतात. जलद-जोडाचे नळ खांद्यावरून एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात नेताना शेतकऱ्याला फुटका जोड, निसटलेला वायसर वा बुजलेली तोटी सहज दिसते व तो ती बांधावरच नीट करतो. शहरांतील गृहसंकुले, क्रीडांगणे व गोल्फची मैदाने यांतील संच मात्र भूमिगत व स्वयंचलित आहेत. तेथे माळी पाणी देतो, झडपेची पेटी कोठे आहे हे संच बसविणाऱ्यासच ठाऊक असते आणि पाण्याचा खर्च संस्था भरते. या तिघांत बिघाडाची जबाबदारी विभागली जाते व त्यामुळे ती कोणाचीच राहत नाही. ज्या शहरांत उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते, तेथे अशी उपेक्षा परवडणारी नाही.

हिरवळ-सिंचनाच्या दीड शतकाच्या इतिहासात यंत्राने मालकाचे श्रम कमी केले. परंतु लक्ष देण्याची जबाबदारी त्याला काढून घेता आली नाही. विषाणू-जंतूंपासून पाण्याचे रक्षण करणारी झडप, मुख्य नळ व विजेच्या तारा यांचे काम परवानाधारक जाणकाराकडे सोपविणे योग्य होय. मात्र त्याला कोणते काम सांगावयाचे व ते झाले किंवा नाही, हे ठरविण्यासाठी मालकाने आपला संच चालताना पाहिलेला असणे आवश्यक आहे.